खर्जाला थोडं आभाळ

रिव्हर्बचं पेडल म्हणजे तळहातावर मावणारी धातूची डबी. पाठीवर तीन-चार नॉब, पायानं दाबायचं एक बटण, आणि एका नॉबभोवती बारीक अक्षरांत लिहिलेली जागांची नावं: रूम, हॉल, प्लेट, स्प्रिंग, चर्च. दुकानातला मुलगा तो नॉब फिरवत जातो आणि नमुना फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटच्या उत्साहानं दर खटक्यागणिक आपल्याला आणखी मोठ्या जागेत नेतो. खोलीतून दिवाणखान्यात, तिथून सभागृहात, आणि शेवटी एका दगडी चर्चमध्ये, जिथलं छत इतकं उंच की वर गेलेला स्वर परत यायला वेळ घेतो, आणि येतो तो थोडा म्हातारा होऊन. ज्या शहरात माणसं दोन खोल्यांसाठी अर्धं आयुष्य हप्ते फेडतात, तिथं काही हजारांत अख्खं चर्च पिशवीत घालून मिळतं याचं नवल दुकानात कुणालाच नव्हतं. पावती करता करता त्यानं सहज विचारलं, "गिटारसाठी ना, काका?" मी म्हणालो, "बेससाठी." त्याचा पेन थांबला. "बेसला?" तो म्हणाला, आणि मग फार सभ्यपणे, "बघा, तुमची आवड."

बेसला रिव्हर्ब लावू नये, असं शास्त्र आहे. ते लिहिलेलं कुठं नाही, पण प्रत्येक बँडमध्ये ते सांगणारा एक जण असतो, आणि दुःख हे की तो बरोबर असतो. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर तिची सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, आणि त्या स्वराची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. आपल्या सरावाच्या खोलीत तिला धड पाय पसरता येत नाहीत. असा स्वर यायला वेळ घेतो आणि जायला त्याहून जास्त. मराठी घरातल्या पाहुण्यासारखं त्याचं असतं. "निघतो आता" म्हणून तो उठतो, चपला घालतो, आणि मग उंबऱ्यात अर्धा तास उभा राहतो. एरवी याला कुणाची हरकत नसते. पण रिव्हर्ब लावला की उंबऱ्यातल्या त्या पाहुण्याला कुणीतरी पुन्हा खुर्ची आणून देतं. तेवढ्यात पुढचा स्वर जिना चढून येतो, त्याच्यामागून आणखी एक, आणि पाहता पाहता त्या दारात अशी दाटी होते की कोण आलंय, कोण चाललंय आणि कुठल्या चपला कुणाच्या, काही कळेनासं होतं. गाणं पुढच्या कॉर्डवर गेलेलं असतं आणि खाली मागच्या कॉर्डचा षड्ज अजून निरोप घेत असतो. वरचे सूर पुसट झाले तर त्याला धुकं म्हणता येतं, कवितेत बसवता येतं. जमीन पुसट झाली तर माणसं पडतात.

तरीही या नियमात थोडा पंक्तिप्रपंच आहेच. लिओ फेंडर या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याआधी खर्जाचं काम डबल बेसकडं होतं. माणसाहून उंच असलेलं ते वाद्य मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव न्यायचं, आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गदारोळात ते वाजतंय यावर श्रोत्यांनी श्रद्धा ठेवायची. लिओंनी खर्ज गळ्यात अडकवता येईल एवढा केला, त्याला पट्ट्या दिल्या, वीज दिली. स्वतः त्यांना गिटार वाजवता येत नसे, ही त्यांच्याबद्दलची मला सर्वांत लोभस वाटणारी गोष्ट. पण पुढं १९६१ मध्ये त्यांच्या कंपनीनं स्प्रिंगवाली रिव्हर्बची पेटी काढली आणि १९६३ मध्ये रिव्हर्ब थेट अ‍ॅम्पच्या पोटात बसवला, तेव्हा तो नॉब गेला गिटारवाल्याकडं. बेसच्या अ‍ॅम्पवर आजही बघा: बेस, मिडल, ट्रेबल, व्हॉल्यूम, सगळं सापडेल. रिव्हर्ब बहुधा नाही.

ती स्प्रिंगही मुळात गाण्यासाठी जन्मलेली नव्हती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दूरच्या टेलिफोनवर आवाज पोचायला होणारा उशीर अभ्यासायचा होता, म्हणून आवाज स्प्रिंगमधून पाठवून पाहिला गेला. ती कल्पना पुढं लॉरेन्स हॅमंड यांच्या हाती लागली. हॅमंड ऑर्गन विकत. चर्चमध्ये ऑर्गन ऐकून भारावलेली मंडळी तो हौसेनं घरी नेत, आणि गालिचे, पडदे, सोफे यांच्या मधोमध तो वाजवला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई. ऑर्गन तर घरी आला होता; चर्च तिकडंच राहिलं होतं. मग हॅमंडनी उरलेलं चर्चही द्यायला सुरुवात केली, गुंडाळलेल्या तारांच्या रूपात. दूरच्या माणसाच्या आवाजाचा उशीर समजून घ्यायला काढलेली वस्तू अखेर जवळच्या आवाजाला दूर नेण्याच्या कामी आली. टेलिफोन खात्याच्या हातून इतकं काव्य पुन्हा घडलं असेल असं वाटत नाही.

आमच्याकडं हे सगळं 'एको' म्हणून आलं आणि आलं ते थेट गायकाच्या गळ्यात पडलं. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांचे ते दिवस. निवेदक "रसिक मायबाप" म्हणायचा आणि त्यातला शेवटचा 'बाप' समोरच्या पतपेढीच्या भिंतीला भेटून परत येत पुन्हा एकदा नमस्कार करायचा. गायक दोन ओळींच्या मध्ये मान वळवून साउंडवाल्याला अंगठा वर करून दाखवी. विरहगीताला जास्त, कोळीगीताला कमी, एवढं शास्त्र साउंडवाल्याला पाठ असे. भक्तिगीताला मात्र तो नॉब शेवटपर्यंत नेई, कारण देव लांब असतो. या थाटात मागं, ऑक्टोपॅडच्या शेजारी, अर्धा ट्यूबलाइटच्या उजेडात आणि अर्धा पडद्याच्या सावलीत, बेसवाला उभा असायचा. आमच्या चौकात येणाऱ्या ऑर्केस्ट्राचा बेसवाला दिवसा बँकेत रोखपाल होता. नोटा मोजतानाचा जो चेहरा, तोच चेहरा घेऊन तो वाजवी. त्याला एको हवा का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही मागितला नाही. एका वर्षी ऐन गाण्यात त्याच्या वाद्याची केबल निसटली. गायक गात होता, ढोलकी चालू होती, एको जागच्या जागी होता. तरी मांडवातल्या साऱ्या माणसांनी एकदम माना वर केल्या आणि दिव्यांकडं पाहिलं, एक फेज गेला की काय म्हणून. त्यानं केबल खोचली आणि माना खाली आल्या. यापेक्षा मोठी दाद मी त्याला मिळताना पाहिली नाही, आणि ही दाद आहे हेही मला फार उशिरा कळलं.

घुमणं मोजता येतं हे शोधणारा माणूसही असाच रात्रपाळीचा होता. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह झालं आणि त्यात कुणाचं काही कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. प्राध्यापक एका वाक्याच्या शेवटी पोचत तेव्हा सुरुवातीचे शब्द अजून छताखाली फिरत असत, आणि विद्यार्थी एकाच वेळी तीन वाक्यं टिपून घेण्याचा प्रयत्न करीत. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ते दुरुस्त करायला सांगितलं गेलं. ते रात्री, गाव शांत झाल्यावर, जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या मदतनिसांसह उचलून आणत, व्याख्यानगृहात मांडत, ऑर्गनची एक नळी फुंकवत, आवाज पुरता विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजत आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवत. आज जगातल्या प्रत्येक सभागृहाचा हिशेब ज्या सूत्रावर चालतो ते या गाद्यांच्या ये-जा करण्यातून निघालं. माणसाचं शरीरही आवाज पितं, हे त्यांनी मोजून दाखवलं. म्हणजे भरलेलं नाट्यगृह कमी घुमतं आणि पडलेल्या नाटकातले संवाद अधिक भव्य वाटतात. फक्त त्यांची ती नळी सेकंदाला ५१२ कंपनांची, चांगली वरच्या सुरातली होती. बारीक आवाज गादी सहज गिळते. खर्ज तिच्यातून दारातून जावा तसा निघून जातो, त्यामुळं कोंदट सभागृहात सगळं विरल्यावर मागं उरतो तो तोच. खर्जाला आधीच थोडं जास्त आयुष्य दिलेलं आहे. त्यात आणखी भर घालायला पैसे मोजणाऱ्याकडं दुकानातला मुलगा तसा बघणारच.

पण मोजण्याच्या पलीकडंही घुमण्याचं काही असावं. सोलापूरकडच्या शाळांची सहल विजापूरला जाते, आमचीही गेली होती. गोलघुमटात वर पोचलेलं प्रत्येक मूल प्रथम स्वतःचं नाव ओरडतं. खाली १६५६ साली गेलेला मुहम्मद आदिलशहा निजलेला, वर सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट, आणि आतल्या गोल सज्जात उभं राहून साडेतीन शतकं लोक बादशहाला आपापली नावं कळवताहेत. आमचे इतिहासाचे सर फार हळू आवाजाचे. वर्गात तिसऱ्या बाकापलीकडं त्यांचं पानिपतसुद्धा पोचत नसे. मुलं ओरडून दमली, जिना उतरू लागली, तेव्हा सर मागं रेंगाळले. मी बुटाची नाडी बांधत दाराशी बसलो होतो. सरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि घसा खाकरला. नुसता खाकरला, फळ्याकडं वळण्याआधी खाकरत तसा. तो आवाज घुमटाला वळसा घालून परत आला, पुन्हा आला, आणि दर खेपेला तो असा काही भरदार वाटला की जणू कुणी सेनापती बोलायला उभा राहतोय. सरांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. चष्मा काढून पुसला. मग त्यांनी आणखी एकदा खाकरून पाहिलं. सोमवारी वर्गात ते पुन्हा तिसऱ्या बाकापर्यंतच होते. पेडल कशाला घेतलंस, असं मला घरी विचारलं गेलं तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायचं तर या सरांपासून सुरुवात करावी लागली असती.

विरुद्ध बाजूचे साक्षीदार मात्र भक्कम आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत गायकांचे आवाज घुमवायला माळ्यावर जागा केलेली होती आणि जेम्स जेमर्सन खालच्या स्टुडिओत बसून बेस वाजवत. वर्षानुवर्षं न बदललेल्या तारा, उजव्या हाताचं एकच बोट, आणि घुमार म्हणावा तर जवळजवळ नाहीच. त्यांच्या चालींवर अर्धी दुनिया नाचली आणि वेष्टनावर त्यांचं नाव ठळकपणे आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ध्वनिमुद्रिकेवर. किंग्स्टनचे किंग टबी हे आणखी एक दुरुस्तीवाले. विजेच्या वस्तू नीट करता करता त्यांनी जमैकाची गाणी उसवायला घेतली आणि डब नावाचा प्रकार घडवला. त्यात गायकाचा अर्धा शब्द, गिटारचा एक फटका, स्नेअरचा एखादा ठोका स्प्रिंगमध्ये सोडून दिला जातो आणि तो पतंग कटल्यासारखा वाहत जातो. बेस मात्र तिथंच, कोरडा, आपल्या जागी. मी हे संगीत जितकं ऐकतो तितकं वाटतं की घुमणाऱ्याला घुमू देण्यासाठी कुणाला तरी न घुमता थांबावं लागतं. हे कळतं, पटतं, आणि तरी पाय पेडलकडं जातो.

तंबोऱ्याकडं पाहिलं की पायाला थोडं समर्थन मिळतं. गवयाच्या मागं बसलेल्या, कार्यक्रमभर जांभई दाबणाऱ्या शिष्याच्या मांडीवर जे वाद्य असतं त्यात चार तारा एकमेकींच्या अंगावर अखंड सांडत असतात. खर्जाची तार छेडून झाली की तिची आस संपायच्या आत पंचम येतो, मग जोडी, मग पुन्हा खर्ज. कुणीच कुणाला जायला सांगत नाही. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून घासून जी जवारी काढतात, ती याच रेंगाळण्यासाठी. तारेखाली दोऱ्याचा एवढासा तुकडा सरकवला की स्वर फुलतो आणि विरायचं नाव घेत नाही. तिथं त्याला कुणी गिचमिड म्हणत नाही. कारण उघड आहे: तंबोऱ्याला कुठं जायचं नसतं. एकच षड्ज रात्रभर पुरतो. बेसला मात्र दर दोन मात्रांनी नव्या कॉर्डच्या दारात हजर व्हायचं असतं. म्हणजे दोष घुमण्यात नसून घाईत असावा, असं मला मनातल्या मनात म्हणता येतं, आणि एखादं संथ गाणं निघालं, एकाच कॉर्डवर आठ-आठ मात्रा बसून राहणारं, की मी हळूच बटण दाबतो.

एबरहार्ड वेबर यांच्याबद्दल मला तर्क करावासा वाटत नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टचा हा बेसवादक. १९६९ मध्ये म्युनिकला सुरू झालेल्या ईसीएम या कंपनीसाठी त्यांनी ध्वनिमुद्रिका केल्या; त्यांच्या कितीतरी वेष्टनांवरची चित्रं त्यांच्या पत्नीनं, माया वेबर यांनी काढलेली. वेबर यांचं वाद्य उभं, विजेवर चालणारं, डबल बेसचा लाकडी देह गाळून नुसता कणा ठेवल्यासारखं. त्यातून येणारा स्वर गातो. खर्ज इतका लांबवर जाऊ शकतो आणि तरी आपलं वजन टाकत नाही, हे त्यांना ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं. दरीच्या तळाशी चाललेल्या आगगाडीची शिट्टी डोंगरमाथ्यावर ऐकू यावी आणि गाडी मात्र दिसू नये, तसं काहीसं. सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांच्या चमूबरोबर ते वर्षानुवर्षं गावोगाव हिंडले, आणि मैफलीत मध्येच सगळे थांबत व वेबर एकटे वाजवत. २००७ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि वाजवणं थांबलं. पण त्या मैफली ध्वनिमुद्रित होत्या. वेबर यांनी आपलेच जुने एकल तुकडे बाहेर काढले, ऐकले, निवडले, त्यांच्याभोवती थोडे की-बोर्ड, थोडा गार्बारेक यांचा साथीचा सूर रचला, आणि २०१२ मध्ये 'रेझ्युमे' ही ध्वनिमुद्रिका आली. प्रत्येक तुकड्याला एका गावाचं नाव आहे: कार्ल्सरूह, ट्यूबिंगन, मारबुर्ग, ग्रनोबल. हात थांबल्यावर पाच वर्षांनी तो खर्ज त्या गावांच्या भिंतींवरून परत आला. हे ऐकताना मी पेडलवरची नावं वाचत नाही. वाचली तर त्यांत ग्रनोबल शोधावंसं वाटेल.

घुमण्याला हद्द नसतेच म्हणा. स्कॉटलंडमध्ये इन्व्हरगॉर्डनजवळ डोंगराच्या पोटात ब्रिटिश नौदलानं तेलाच्या टाक्या बांधून ठेवल्या आहेत, इंचिन्डाउनच्या. सव्वादोनशे मीटरांहून लांब, आत शिरायला अरुंद नळ. ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स त्यातून सरपटत आत गेले, तिथं पिस्तुलाचा रिकामा बार काढला, आणि १२५ कंपनांच्या आसपासचा आवाज विरायला ११२ सेकंद लागतात असं मोजलं. २०१४ मध्ये तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. बेसच्या सर्वांत बारीक तारेवर चौथ्या पट्टीत बोट ठेवलं की साधारण तोच स्वर निघतो. म्हणजे तिथं तो एकदा छेडावा, गिटार भिंतीला टेकवावी, थर्मासमधला चहा ओतून घ्यावा, आणि निम्मा कप संपेपर्यंत आपलंच संगीत ऐकत बसावं. आमच्या बँडच्या ड्रमरला मी हे सांगितलं. तो दंतवैद्य आहे, थांबायला सांगणं हा त्याचा व्यवसाय. तो म्हणाला, "आणि तेवढा वेळ मी काय करू?"

म्हणून अखेर तडजोड. जाणती माणसं बेसवर रिव्हर्ब कसा लावतात हे मी बघून बघून शिकलो. मूळ स्वर कोरडाच, सरळ अ‍ॅम्पकडं जाऊ द्यायचा. घुमटात पाठवायचा तो फक्त त्याचा वरचा भाग: तारेवर बोट घासल्याची खरखर, हार्मोनिकची टिकली, स्वर सुटतानाचा श्वास. साधारण दोन-तीनशे कंपनांच्या खालचं सगळं फिल्टरनं दारातच अडवायचं. स्वर आणि घुमार यांच्यात निमिषभर अंतर सोडायचं, म्हणजे स्वर आधी नीट उभा राहतो. आणि मग मिक्सचा काटा बारावरून दहावर, दहावरून नवावर आणायचा. मी तो आठच्या जरा खाली ठेवतो. तिथं ठेवला की गाणं बंद खोलीत न राहता गच्चीवर आल्यासारखं वाटतं. निदान मला तरी. बँडमधल्या बाकीच्यांना अजून तसं काही वाटलेलं नाही, आणि एवढं मोठं दगडी चर्च नेमकं कुणाला दिसणार नाही इतकं बारीक करण्यात माझा बराच वेळ जातो, हेही खरं.

परवा सोसायटीच्या कोजागिरीला आम्ही वाजवणार होतो. साउंडवाला मुलगा केबली जोडत माझ्या पायाशी आला आणि वाकून बघू लागला.

"काका, इथं दिवा लागलाय."

"लागू दे. रिव्हर्ब आहे."

"बेसला?" त्यानं कान दिला, मी दोन-चार स्वर वाजवले. "पण ऐकू तर काहीच येत नाही."

"काहीच नाही?"

"अजिबात नाही." तो क्षणभर थांबला. "मग काका, तो काढून कुलकर्णी ताईंच्या माइकला देऊ का? त्या मघापासून एको मागतायत."

"नको," मी म्हणालो. "चालू आहे तो."